स्क्रीन: पायांवरून होणारा निवाडा

बास्केटबॉलमध्ये प्रतिस्पर्ध्याची वाट आपल्या शरीराने अडवून सहकाऱ्याला मोकळे करण्याच्या डावाला स्क्रीन म्हणतात. चेंडू ज्याच्या हातात आहे, किंवा चेंडू घ्यायला जो धावत निघाला आहे, त्याच्यामागे बचावपटू सावलीसारखा चिकटलेला असतो. दुसरा आक्रमक त्या बचावपटूच्या वाटेत येऊन उभा राहतो. मग बचावपटूला थांबावे लागते, वळसा घालावा लागतो किंवा आपला माणूस जोडीदाराच्या हवाली करावा लागतो. या गडबडीत आक्रमकाला अर्धा-पाऊण सेकंद मिळतो आणि आजच्या आक्रमणाचा मोठा भाग त्यावरच उभा आहे. प्रत्येक चढाईत दोन-तीन स्क्रीन लागतात, कधी त्याहून जास्त. त्यांतली कोणती वैध आणि कोणती अवैध, हे पंचाला डोळ्यांदेखत ठरवावे लागते, आणि पुन्हा पाहण्याची सोय त्याला बहुधा नसते.

आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, म्हणजे फिबाच्या नियमांत स्क्रीनची व्याख्या नेमकी आहे. चेंडू ताब्यात नसलेल्या प्रतिस्पर्ध्याला मैदानावर हव्या त्या जागी पोचायला उशीर व्हावा किंवा पोचताच येऊ नये, असा प्रयत्न म्हणजे स्क्रीन. यातले ‘चेंडू ताब्यात नसलेल्या’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. चेंडूवाल्याला कोणीही कधीही अडवायला येणार हे त्याने गृहीत धरायचे असते. म्हणून त्याच्यापुढे अगदी ऐनवेळी कोणी रीतसर उभा ठाकला तरी त्याला तक्रार करता येत नाही. ज्याच्याकडे चेंडू नाही त्याचे लक्ष मात्र दुसरीकडे असते. आपला माणूस, चेंडू, बास्केट यांच्यामध्ये त्याची नजर फिरत असते. वाटेत अचानक आलेल्या शरीराची चाहूल लागायला आणि थांबायला त्याला थोडा अवधी मिळाला पाहिजे. वेळ आणि अंतर यांचे सगळे नियम या एका न्याय्य विचारातून आले आहेत. चेंडूवाल्याचा पाठलाग करणाऱ्या बचावपटूच्याही हातात चेंडू नसतो. तेव्हा त्याच्यावर लागलेली स्क्रीनही याच नियमांत बसते.

जेम्स नेस्मिथ यांनी 1891 च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड येथे हा खेळ सुरू केला, तेव्हा अंगाला अंग भिडू नये हाच त्यांचा हेतू होता. त्यांच्या मूळ 13 नियमांपैकी पाचव्यात खांदा मारणे, धरणे, ढकलणे, पायात पाय घालणे आणि मारणे यांना मनाई होती. पण 28 मीटर लांब आणि 15 मीटर रुंद मैदानावर दहा माणसे पळू लागली की स्पर्श टळत नाही. म्हणून पुढच्या नियमकारांनी प्रश्न वेगळ्या रीतीने मांडला: स्पर्श झाला तेव्हा ती जागा कोणाची होती? प्रतिस्पर्ध्याने आधी न घेतलेली कोणतीही जागा, कोणालाही न धडकता, पहिल्यांदा घेणाऱ्याची. स्क्रीनचा कायदा हा या जागेच्या हक्काचाच विस्तार आहे.

जागा म्हणजे नेमकी किती, तेही ठरलेले आहे. प्रत्येक खेळाडूभोवती एक काल्पनिक सिलिंडर असतो. पुढे तळहातांपर्यंत, मागे नितंबांपर्यंत आणि दोन्ही बाजूंना हातापायांच्या बाहेरच्या कडेपर्यंत तो पसरतो. हात कोपरात वाकवून पुढे धरता येतात, पण पावले आणि गुडघे यांच्या पुढे ते जाऊ शकत नाहीत. दोन पायांतले अंतर खेळाडूच्या उंचीला साजेसे असावे लागते. या नळकांड्याच्या आतला भाग, वर छतापर्यंतचा, त्या खेळाडूचा. स्क्रीन लावणाऱ्याचा कोणताही अवयव याबाहेर गेला आणि तिथे धडक झाली, तर जबाबदारी त्याची.

वैध स्क्रीनसाठी फिबाच्या अटी दोनच आहेत. स्पर्श होतो त्या क्षणी स्क्रीन लावणारा आपल्या सिलिंडरमध्ये स्थिर हवा, आणि त्याचे दोन्ही पाय जमिनीवर हवेत. स्थिर म्हणजे पुतळा नव्हे. धडक सोसण्यासाठी तो अंग आवळू शकतो, हात छातीशी किंवा जांघेपुढे धरू शकतो. पण वजन टाकत पुढे झुकणे, किंवा उडी मारून जागेवर येताना एक पाय हवेत असतानाच धडक होणे, हे चालत नाही. अवैधतेची कारणे तीन: स्पर्शाच्या वेळी तो हलत होता, उभ्या प्रतिस्पर्ध्याच्या नजरेआड स्क्रीन लावताना त्याने पुरेसे अंतर सोडले नाही, किंवा धावत्या प्रतिस्पर्ध्याला वेळ आणि अंतर दिले नाही.

यातून एक गैरसमज आधीच दूर होतो. प्रेक्षकांतून आणि बाकावरून ‘मूव्हिंग स्क्रीन!’ अशी आरोळी वरचेवर उठते. पण हलणे हा फाउल नाही. स्क्रीन लावायला निघालेला खेळाडू तीनदा जागा बदलून, उड्या मारत, मागेपुढे सरकत राहिला, आणि कोणाला स्पर्शच झाला नाही, तर पंचाला शिट्टी वाजवण्याचे कारणच उरत नाही. हलत असताना अंग लागले, आणि त्यामुळे कोणाची तरी वाट अडली, तरच तो फाउल.

अंतराचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. त्याचे उत्तर दोन गोष्टींवर अवलंबून असते: ज्याच्यावर स्क्रीन लागते आहे तो उभा आहे की धावतो आहे, आणि स्क्रीन त्याला दिसते आहे की नाही.

तो उभा असेल आणि स्क्रीन समोरून किंवा बाजूने, म्हणजे त्याच्या नजरेच्या टप्प्यात येत असेल, तर ती त्याला हवी तितकी खेटून लावता येते. अंग लागता कामा नये, एवढीच अट. त्याला दिसते आहे, तेव्हा मार्ग काढणे ही त्याची जबाबदारी. तो उभा असेल पण स्क्रीन पाठीमागून येत असेल, तर त्याला मागे वळून एक सामान्य पाऊल टाकता येईल एवढी जागा सोडावी लागते. आणि तो धावत असेल, तर थांबता किंवा दिशा बदलता येईल एवढे अंतर हवे. हे अंतर एका पावलाहून कमी कधीच नसते आणि दोन पावलांहून जास्त कधीच नसते.

दोन पावलांची ही कमाल मर्यादा मुद्दाम घातलेली आहे. पूर्ण वेगात धावणाऱ्याची दोन पावले अर्ध्या सेकंदाच्या आसपास पडतात. तेवढ्यात त्याला पूर्ण थांबता येईलच असे नाही, पण खांदा वळवून बाजूने निसटता येते. मर्यादा नसती, तर वेगाने येणाऱ्या प्रत्येकाने ‘मला थांबायला जागाच नव्हती’ असा दावा केला असता आणि धावत्या माणसापुढे स्क्रीन लावणे अशक्य झाले असते. ‘सामान्य पाऊल’ सेंटिमीटरमध्ये बांधलेले नाही, हेही योग्यच आहे. सव्वादोन मीटर उंचीच्या सेंटरचे पाऊल आणि शाळकरी मुलाचे पाऊल एक नसते. पंचाने समोरच्या खेळाडूचे पाऊल धरायचे असते.

नवखा पंच सर्वाधिक चुकतो तो पाठीमागून लागणाऱ्या स्क्रीनबाबत. बचावपटू बाजूला उभा आहे, त्याची नजर मध्यावर असलेल्या चेंडूकडे आहे. बेसलाइनकडून एक आक्रमक दबक्या पावलांनी वर येतो आणि त्याच्या पाठीला जवळजवळ छाती लावून उभा राहतो. पाय पक्के, हात आवळलेले, हालचाल शून्य. बचावपटू आपला माणूस निसटलेला पाहून गर्रकन वळतो आणि जागच्या जागी त्याच्यावर आदळतो. ‘तो तर हललाच नाही’ असे वाटून पंच गप्प राहतो किंवा उलट बचावपटूवर फाउल देतो. पण इथे स्थिरता पुरत नाही. आंधळ्या बाजूला एक पाऊल सोडायचे होते, ते सोडले नाही. फाउल स्क्रीन लावणाऱ्याचा. हाच आक्रमक एक पाऊल मागे थांबला असता आणि बचावपटू वळून एक पाऊल टाकून त्याच्यावर आपटला असता, तर कितीही जोरात आपटला तरी स्क्रीन वैध ठरली असती.

जोराचा मुद्दा इथे नीट समजून घ्यायला हवा, कारण चुकीच्या शिट्ट्या बहुतेक वेळा त्यातून येतात. धडकेचा आवाज, जमिनीवर पडलेला खेळाडू, प्रेक्षकांचा ओरडा ही सगळी धडकेनंतरची दृश्ये आहेत. स्क्रीनचा निवाडा धडकेच्या आधीच झालेला असतो. पाय कधी टेकले, किती अंतरावर टेकले, आणि टेकल्यावर तिथेच राहिले का, या तीन प्रश्नांची उत्तरे पंचाकडे असतील तर धडक हलकी होती की भारी याला फारसे महत्त्व नाही. मान दुसरीकडे वळवून भरधाव येणारा बचावपटू नीट उभ्या असलेल्या स्क्रीनवर आदळून कोलमडतो, तो प्रसंग बघवत नाही, पण फाउल नसतो. उलट चेंडूवाल्याच्या बचावपटूला कमरेचा वीतभर धक्का लागतो, कोणी पडत नाही, आवाज होत नाही, आणि चेंडूवाला मात्र सरळ बास्केटपर्यंत मोकळा जातो. तो फाउल असतो.

वैध स्क्रीनवर झालेल्या धडकेची जबाबदारी ज्याच्यावर स्क्रीन लागली त्याची, असे नियम सांगतो. याचा अर्थ त्याच्यावर दरवेळी फाउल द्यावा असा नाही. त्याला स्क्रीन दिसली नव्हती, तो आपटला, थबकला आणि वळसा घालून निघाला, तर तो अनाहूत स्पर्श. अमेरिकेतल्या शालेय नियमांत हे शब्दांत लिहून ठेवले आहे: नजरेआडच्या स्क्रीनवर झालेली धडक जबर असली, तरी खेळाडूने थांबून बाजूने जाण्याचा प्रयत्न केला असेल तर तिकडे दुर्लक्ष करायचे. त्याने खांद्याने रेटून स्क्रीन फोडली, हाताने बाजूला सारली, किंवा दंड धरून स्वतःला पुढे ओढले, तर मात्र फाउल त्याचा.

पंचाने कुठे पाहायचे

नियम तासाभरात पाठ होतात; नजर लावायला कित्येक हंगाम जातात. मोठ्या स्पर्धांत तीन पंच असतात. लीड बेसलाइनच्या बाहेर, ट्रेल चढाईच्या मागे, आणि सेंटर समोरच्या कडेला, फ्री थ्रो रेषेच्या सरळीत. मैदान तिघांत वाटलेले असते, आणि एका वेळी चेंडू एकाच्याच हद्दीत असतो. उरलेल्या दोघांनी चेंडूकडे पाहायचे नसते. हे सांगायला सोपे आणि पाळायला अवघड आहे, कारण चेंडू प्रत्येकाची नजर ओढतो. चेंडूपासून दूर, कमकुवत बाजूला लागणाऱ्या स्क्रीन सुटतात त्या याच ओढीमुळे. आपल्याकडच्या आंतरशालेय सामन्यांत बहुधा दोनच पंच असतात. तिथे चेंडूपासून दूर असलेल्या पंचावर निम्म्याहून अधिक मैदानाचा भार येतो, आणि बेसलाइनवरच्या पंचाने चेंडूमागे नजर पळवली तर पोस्टमधल्या स्क्रीनकडे पाहणारे कोणीच उरत नाही.

दोघांच्या मधली फट दिसली पाहिजे, हे पहिले सूत्र. पंच, स्क्रीन लावणारा आणि बचावपटू एका रेषेत आले की पंचाला फक्त एक पाठ दिसते. हात कुठे आहेत, अंतर किती आहे, काहीच कळत नाही. अशा वेळी बाजूला टाकलेली दोन पावले दहा मीटर धावण्यापेक्षा जास्त उपयोगी पडतात. फट दिसू लागली की नजर आधी स्क्रीन लावणाऱ्याच्या पायांवर, मग कमरेवर, मग हातांवर. वरून खाली पाहणारा पंच हातांच्या हालचालीत गुंततो आणि पाय कधी सरकला ते त्याला कळत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रसंग मुळापासून पाहणे. बास्केटखाली उभा असलेला उंच खेळाडू अचानक वर, चेंडूवाल्याकडे धाव घेतो, तेव्हा स्क्रीन येणार हे ओळखता आले पाहिजे. डाव ओळखणे म्हणजे फाउल आधीच ठरवून ठेवणे नव्हे. पंचाने डावाचा अंदाज घ्यायचा, निकालाचा नाही. स्क्रीन लागण्याआधीपासून नजर तिथे असेल, तरच पाय आधी टेकले की स्पर्श आधी झाला, हे सांगता येते. धडकेचा आवाज ऐकून मान वळवणाऱ्या पंचाला फक्त शेवट दिसतो, आणि शेवटावरून सुरुवात ओळखण्याचा प्रयत्न म्हणजे अंदाजपंचे शिट्टी. न पाहिलेला फाउल देऊ नये, हा नियम इथे कसोशीने पाळावा.

एक पिक अँड रोल, टप्प्याटप्प्याने

आज सर्वाधिक दिसणारा प्रकार म्हणजे चेंडूवाल्यासाठी लागणारी स्क्रीन आणि तिच्यापाठोपाठ स्क्रीन लावणाऱ्याने बास्केटकडे घेतलेली धाव. उजव्या बाजूला, 6.75 मीटरच्या तीन गुणांच्या रेषेबाहेर गार्ड ड्रिबल करतो आहे. त्याच्यासमोर बचावपटू वाकून उभा आहे. गार्डचा सहकारी सेंटर धावत येतो आणि बचावपटूच्या एका बाजूला पाय रोवतो. बचावपटू उभा आहे, स्क्रीन बाजूने आली आहे. तेव्हा सेंटर अगदी जवळ उभा राहू शकतो. इथपर्यंत सगळे ठीक.

आता गार्ड निघतो. तो सेंटरचे पाय टेकायच्या आधीच निघाला, तर बचावपटूही त्याच्याबरोबर सरकतो, आणि सेंटरपुढे दोनच पर्याय उरतात: स्क्रीन वाया जाऊ देणे, किंवा सरकत जाऊन बचावपटूला गाठणे. दुसरा पर्याय घेतला की फाउल. नोंद सेंटरच्या नावावर होते, पण मूळ गार्डच्या घाईत असते. म्हणूनच चांगले प्रशिक्षक गार्डला ‘थांब, स्क्रीन लागू दे, मग नीघ’ हे पुन्हा पुन्हा बजावतात. पंचासाठीही ही खूण उपयोगी आहे. गार्ड लवकर निघाला की लक्ष सेंटरच्या पायांवर आणखी पक्के हवे.

समजा गार्ड वेळेवर निघाला. बचावपटू त्याच्या आणि सेंटरच्या मधल्या अरुंद फटीतून घुसायला बघतो. अशा वेळी सेंटर कंबर बाहेर काढतो, किंवा बाहेरचा गुडघा वीतभर पुढे सारतो. पाय हलले नाहीत, पण अवयव सिलिंडरबाहेर गेला. फट त्यानेच बुजवली. ही क्लृप्ती फार चालते, कारण ती एका क्षणात होते आणि लांबून दिसत नाही. पाय खांद्यांपेक्षा बरेच जास्त फाकवून उभे राहणे हाही याचाच प्रकार. उंचीला न शोभणारे ते अंतर सिलिंडरमध्ये धरले जात नाही. बचावपटूने दुसरा मार्ग घेतला, म्हणजे सेंटरच्या मागून वळसा घातला, तर सेंटर मागे पाऊल टाकून त्याला पुन्हा अडवू पाहतो. त्या पावलात स्पर्श झाला तर पुन्हा फाउल.

मग येते बास्केटकडची धाव. सेंटर एका पायावर गिरकी घेऊन निघतो. निघणे हा त्याचा हक्क आहे. पण गिरकी घेताना बचावपटूचा दंड काखेत दाबून धरला, किंवा पाठीने त्याला रेटत नेले, तर तो फाउल. इथे पंचाला खूप वेळा चकवा बसतो, कारण तोपर्यंत चेंडू पुढे गेलेला असतो आणि नजरही त्याच्यामागे गेलेली असते. स्क्रीन लावणारा आणि बचावपटू एकमेकांपासून पूर्ण सुटेपर्यंत त्या जोडीवरची नजर काढू नये.

याच कुटुंबातले आणखी तीन प्रकार ध्यानात ठेवण्याजोगे आहेत. हँड-ऑफमध्ये चेंडू हातोहात देणारा खेळाडू देऊन झाल्याबरोबर स्क्रीन बनतो. चेंडू सोडताना तो सहकाऱ्याच्या दिशेने चालत असेल आणि त्याच चालीत बचावपटूला खांदा लागला, तर तो हलती स्क्रीन लावतो आहे. एलिव्हेटर नावाच्या डावात दोन आक्रमक शेजारी शेजारी उभे राहतात, नेमबाज त्यांच्या मधून पळतो, आणि तो गेल्याबरोबर दोघे एकमेकांकडे सरकून वाट बंद करतात. त्यांचे सरकणे पूर्ण होऊन पाय टेकल्यावर बचावपटू आदळला तर वैध. सरकत असताना आदळला तर अवैध. दोन्हींत फरक पापणी लवण्याएवढा असतो. तिसरा प्रकार वॉशिंग्टन विझार्ड्सकडून खेळलेल्या पोलंडच्या मार्सिन गॉर्टाटच्या नावाने ओळखला जातो. त्यात धाव घेतलेला सेंटर पास मागण्याऐवजी बास्केटसमोरच्या बचावपटूच्या आड उभा राहतो, म्हणजे मागून येणाऱ्या चेंडूवाल्याला शेवटची फेक निर्धास्त करता येते. स्वतःची जागा आधी घेऊन तिथेच उभा राहिला तर हे वैध आहे. मागे रेटत गेला किंवा हात पसरून बचावपटूला उडी मारू दिली नाही, तर नाही.

पाहण्यात झालेली चूक किती महाग पडते, त्याचे उदाहरण 29 मे 1997 चे आहे. ह्यूस्टनमध्ये एनबीएच्या पश्चिम विभागाच्या अंतिम मालिकेतला सहावा सामना चालू होता. यूटा जॅझ आणि ह्यूस्टन रॉकेट्स 100–100 असे बरोबरीत होते आणि 2.8 सेकंद उरले होते. जॅझने चेंडू आत टाकला, जॉन स्टॉकटनने तो घेतला आणि तीन गुणांच्या रेषेबाहेरून घंटेबरोबर बास्केट केले. जॅझ 103–100 ने जिंकून पहिल्यांदाच अंतिम मालिकेत गेले. त्या चालीत कार्ल मलोनने क्लाइड ड्रेक्सलरवर स्क्रीन लावली होती, आणि चित्रफितीत मलोनचे हात ड्रेक्सलरभोवती आवळलेले दिसतात. शिट्टी वाजली नाही. स्टॉकटन–मलोन ही पिक अँड रोलची सर्वांत गाजलेली जोडी. त्यांची स्क्रीन बहुतेक वेळा निर्दोष असे. नेमक्या मोक्याच्या क्षणी सगळ्यांचे लक्ष चेंडू घेणाऱ्याकडे गेले, आणि काही पावलांवर चाललेली मिठी निसटली. चेंडू आत टाकतानाच्या चालींत स्क्रीनची दाटी असते. म्हणून अशा वेळी पंचांनी चेंडू आत येण्याआधीच जोड्या वाटून घेणे आवश्यक आहे.

शिट्टी कधी वाजवायची

प्रत्येक अवैध स्पर्शावर खेळ थांबवला तर सामना पुढे सरकणार नाही. फिबाच्या नियमांतच सांगितले आहे की ज्या अनाहूत स्पर्शातून कोणाला लाभ झाला नाही आणि कोणाचे नुकसानही झाले नाही, त्यासाठी खेळ उगाच तोडू नये. स्क्रीनच्या बाबतीत ही कसोटी लावणे सोपे आहे. स्क्रीन लावणाऱ्याचा पाय हलला, खांदा बचावपटूला पुसटसा लागला, पण बचावपटू तसाच आपल्या माणसासोबत राहिला, तर जाऊ द्यावे. त्याच स्पर्शाने बचावपटू एक पाऊल मागे पडला आणि नेमबाजाला मोकळी फेक मिळाली, तर शिट्टी वाजलीच पाहिजे. चेंडूपासून फार दूर, चालीशी संबंध नसलेल्या ठिकाणी हलकी धक्काबुक्की झाली तर तिथे शब्दाने काम भागते. ‘पाय थांबव’, ‘कंबर आत’ असे खेळ चालू असताना किंवा चेंडू बाहेर गेल्यावर सांगितलेले दोन शब्द पुढच्या चार शिट्ट्या वाचवतात.

मात्र धोकादायक स्पर्शाला लाभ-हानीची कसोटी लावू नये. पाठमोऱ्या खेळाडूवर धावत जाऊन आदळणे, कोपर बाहेर काढून चेहऱ्यावर मारणे, हे खेळाडूला इजा करणारे आहे. फाउल किती जबर होता हे पाहून तो खिलाडूवृत्तीला सोडून केलेला फाउलही ठरू शकतो. बचावपटूही खांदा खाली घालून स्क्रीनवर जाणूनबुजून आदळला, तर त्यालाही हीच शिक्षा लागू होते. उलट बाजूला, स्क्रीनचा स्पर्श होताच हात पसरून नाटकी कोसळणारे खेळाडूही असतात. स्पर्श नसताना फाउलचा बनाव करणे हा फिबाच्या नियमांत स्वतंत्र गुन्हा आहे.

सुरुवातीपासून एकच रेषा धरणे फार महत्त्वाचे आहे. पहिल्या पावात, म्हणजे क्वार्टरमध्ये, कंबर बाहेर काढलेली चालली आणि चौथ्या पावात त्यावर शिट्टी वाजली, तर खेळाडूला आपण नेमके काय चुकलो हे कळत नाही, आणि दोन्ही संघांचा पंचावरचा विश्वास जातो. पहिली स्पष्ट अवैध स्क्रीन लवकर पकडली की बरेचसे खेळाडू स्वतःहून पाय आवरतात.

एनबीएचे शब्द थोडे वेगळे आहेत, गाभा तोच. तिथेही नजरेआडच्या उभ्या खेळाडूला एक पाऊल द्यावे लागते आणि वैध जागा घेतल्यावर बाजूला किंवा प्रतिस्पर्ध्याकडे सरकता येत नाही. पण प्रतिस्पर्धी ज्या दिशेने आणि ज्या वाटेने चालला आहे, त्याच दिशेने त्याच वाटेवर स्क्रीन लावणारा सरकू शकतो, असे तिथे स्पष्ट लिहिले आहे. अशा वेळी मागचा पुढच्यावर आदळला, तर काळजी मागच्याने घ्यायची होती. भारतात बास्केटबॉल फेडरेशन ऑफ इंडियाच्या अखत्यारीतले सामने फिबाच्या नियमांनी चालतात, त्यामुळे दूरचित्रवाणीवर एनबीए पाहून मैदानावर येणाऱ्या खेळाडूंनी दोन्ही संहितांची सरमिसळ करू नये.

अवैध स्क्रीन दिसली की पंच शिट्टी वाजवून मूठ वर करतो, म्हणजे घड्याळ थांबते. मग दोन्ही हात कमरेवर ठेवतो. ब्लॉकिंगसाठीही हीच खूण आहे. चेंडू ताब्यात असलेल्या संघाने फाउल केला हे दाखवण्यासाठी फाउल करणाऱ्या संघाच्या बास्केटकडे मूठ रोखली जाते, आणि गुणलेखकाच्या टेबलाकडे खेळाडूचा क्रमांक बोटांनी सांगितला जातो.

फाउल खेळाडूच्या नावावर जमा होतो. फिबाच्या सामन्यात पाच आणि एनबीएत सहा झाले की तो बाहेर. फिबाच्या नियमांत तो संघाच्या फाउलमध्येही मोजला जातो, पण संघाकडे चेंडूचा ताबा असताना झालेल्या फाउलवर फ्री थ्रो मिळत नाहीत, संघाचे पावातले चार फाउल आधीच भरले असले तरीही. प्रतिस्पर्ध्यांना जवळच्या ठिकाणाहून चेंडू बाहेरून आत टाकायला मिळतो. चेंडू आत टाकायला खेळाडूच्या हवाली झाल्यापासूनच त्या संघाचा ताबा सुरू होतो, म्हणून तेव्हाच्या अवैध स्क्रीनलाही हीच शिक्षा.

एका ठिकाणी मात्र हिशेब बदलतो. बास्केटसाठी फेकलेला चेंडू हातातून सुटला की फिबाच्या नियमांनुसार संघाचा ताबा संपतो. त्यानंतर, रिबाउंडच्या धडपडीत, त्याच संघाच्या खेळाडूने अवैध स्क्रीन लावली आणि संघाचे चार फाउल आधीच झालेले असतील, तर प्रतिस्पर्ध्याला दोन फ्री थ्रो मिळतात. फेक आत गेली तर ते बास्केटही धरले जाते. स्पर्श चेंडू हातात असताना झाला असेल, तर ते बास्केट रद्द आणि फ्री थ्रोही नाहीत. त्यामुळे स्क्रीनवर नजर ठेवणाऱ्या पंचाला स्पर्श पाहावा लागतो आणि त्याच वेळी नेमबाजाच्या हातातून चेंडू सुटला होता की नाही, हेही सांगता आले पाहिजे. ते एकट्याला जमले नाही, तर तिघांनी टेबलापाशी जाण्याआधी एकमेकांना विचारून घ्यावे.